मांडीवर धरल्यावर काय होतंय?

रत्नागिरी जिल्ह्यात ज्याने ज्याने नववीची परीक्षा दिली आहे, त्याने जडत्वाचं उदाहरण म्हणून एक वाक्य हमखास लिहिलेलं आहे : धावती बस अचानक थांबली की प्रवासी पुढे फेकले जातात. मला ठाऊक आहे, कारण त्या उत्तरपत्रिका मी तपासल्या आहेत. उभी नोकरी मी शाळेत शास्त्र शिकवलं. त्या वाक्याचे गुण मी कधी कापले नाहीत, आणि आता वाटतं की सगळ्यांना भोपळे द्यायला हवे होते. लिहिणाऱ्यांपैकी एकाचाही त्यावर विश्वास नव्हता. ती सगळी मुलं मोठी झाली, त्यांनी गाड्या घेतल्या, गाडीला हार घातले, चाकाखाली लिंबं चिरडली आणि तान्हं पोर मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर ऐटीत बसली. जडत्व बसमधल्या परक्या प्रवाशांना लागू. घरच्या गाडीत जडत्व नसतं, माया असते, असा आमच्याकडे एकूण समज आहे.

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. मुलगी झाली. बारसं झालं, बाळ मान धरायला लागलं, आणि मे महिन्यात सासरची माणसं त्या दोघींना न्यायला येणार असं ठरलं. सासर केळशीचं. जावई नोकरीला मुंबईत. आधी केळशीला जाऊन देवदर्शन करायचं, आठ दिवस राहायचं आणि मग मुंबई. रत्नागिरीहून केळशी म्हणजे हमरस्त्याने चिपळूण, पुढे खेड, दापोली आणि मग समुद्राकडे उतरत जाणारी वळणं. अर्धा दिवस जातो. त्या अर्ध्या दिवसात माझी नात गाडीत कशी बसणार, एवढाच माझा प्रश्न होता.

मुलीने त्याची सोय आधीच केली होती. एक दिवस दारात टीव्हीएवढं खोकं आलं. त्यातून बाळाची गाडीतली सीट निघाली. आमच्या घरात तिचं नाव त्याच दिवशी 'खुर्ची' पडलं. शेजारपाजारच्या बायका खुर्ची बघायला आल्या, पाळणा बघायला येतात तशा. एकीने विचारलं, "हिला झोका कुठे आहे?" दुसरीने पट्ट्यांकडे बघून तोंडावर पदर घेतला. "बांधून ठेवायचं गो पोराला? काय गुन्हा केलाय त्याने?" आणि ही खुर्ची गाडीत उलटी, म्हणजे बाळाचं तोंड मागच्या काचेकडे येईल अशी लावायची असते हे कळल्यावर तर त्या मनमोकळ्या हसल्या. मुंबईच्या माणसांना पैसा जास्त झाला की असं होतं, असं म्हणून चहा पिऊन गेल्या.

मी त्यांना सांगून पाहिलं. म्हटलं, तान्ह्या बाळाचं डोकं जड असतं आणि मान कच्ची असते. गाडी थांबते तेव्हा तोंड पुढे असलेल्या बाळाचं अंग पट्ट्यांनी धरलं जातं आणि डोकं मात्र पुढे जातं, सगळा ओढा त्या मानेवर येतो. तेच बाळ उलटं बसलेलं असलं तर पाठ, मान, डोकं सगळं एकदम खुर्चीच्या पाठीत रुततं आणि धक्का पाठभर वाटला जातो. हे मी शाळेत फळ्यावर आकृती काढून शिकवावं तसं सांगितलं. त्यातल्या एकीबरोबर आलेली तिची थोरली मुलगी माझीच विद्यार्थिनी. ती म्हणाली, "बाई, तुम्ही अजून तशाच आहात." याला मी कौतुक समजावं अशी तिची अपेक्षा होती.

ठरल्या दिवशी सकाळी सासरची गाडी आली. व्याही पुढे, विहीणबाई मागे, जावई चालवायला. व्याही अबोल. त्यांचं बोलणं 'देवाला काळजी' या दोन शब्दांत आटपतं. ते शब्द त्यांना बाजारभाव, पाऊस, गुडघेदुखी, सगळीकडे पुरतात. विहीणबाई बोलक्या आणि मायाळू. एवढ्या मायाळू, की समोरच्याला नको म्हणायला जागाच राहत नाही. आणि मी मुलीची आई. आमच्याकडे मुलीच्या आईने व्याह्यांसमोर हसायचं, वाढायचं आणि ओटी भरायची असते. नियम समजावून सांगायचे नसतात. माझ्या यजमानांनी मला आदल्या दिवशीच बजावलं होतं, "उद्या शाळा भरवू नकोस."

चहा झाल्यावर जावयांनी खुर्ची उचलली आणि अंगणात गाडीत लावायला घेतली. जावई इंजिनिअर. त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला, तोही भरभर पळवत, आणि त्यातला माणूस पट्टा ओवून दाखवायच्या आत "झालं" म्हणून बाहेर आले. मी बघायला गेले. खुर्ची पुढच्या सीटवर होती, व्याह्यांच्या जागी. आणि तोंड सरळ रस्त्याकडे.

"हिला रस्ता दिसायला नको का, आई?" जावई म्हणाले.

तीन महिन्यांच्या मुलीला हमरस्ता बघायचा होता! मी म्हटलं, "तिला अजून स्वतःचा हात नीट दिसत नाही." मग हसून, मुलीच्या आईला शोभेल इतकं हसून, मी त्यांना खुर्चीच्या कडेवर चिकटवलेलं चित्र दाखवलं. पुढच्या सीटवर उलटी खुर्ची, तिच्यावर फुटणारी एअरबॅग आणि या सगळ्यावर भली मोठी लाल फुली. एअरबॅग तान्ह्या बाळाला वाचवत नाही, ती त्याच्या डोक्यामागे आदळते. म्हणून ही खुर्ची मागच्या सीटवरच लावायची. चित्र खुर्चीवर दोन्ही बाजूंना होतं. जावयांनी ते आत्ता पाहिलं.

खुर्ची मागे गेली, उलटी झाली. मी तिला पट्ट्याजवळ धरून हलवलं. ती डावीउजवीकडे डोलली, वर माझ्याकडे बघून मान हलवल्यासारखी. जावयांनी गाडीचा पट्टा चुकीच्या खाचेतून नेला होता. खुर्चीवर दोन रंगांच्या खुणा असतात. बाळ उलटं बसणार असेल तर निळ्या खुणेतून पट्टा न्यायचा, सरळ बसणार असेल तर लाल. यांनी एक टोक निळ्यातून आणि एक लालमधून ओवलं होतं. कुणालाच नाराज करायचं नाही अशा बेताने.

मी पट्टा काढला. निळ्यातून घेतला. खुर्चीत गुडघा रोवून सगळं वजन टाकलं आणि पट्टा खेचला. साडीने हे काम नीट होत नाही, पण जावयांना सांगून पुन्हा चित्रं दाखवण्यापेक्षा ते बरं. पट्ट्यापाशी धरून हलवलं तर खुर्ची बोटभरही सरकता कामा नये, ही परीक्षा. सरकली नाही. ओसरीवरून यजमान मला खुणा करत होते, की पुरे, विहीणबाई बघताहेत. मी त्यांच्याकडे पाठ केली.

राहिला कल. खुर्चीच्या बाजूला एक रेघ असते. ती जमिनीला समांतर हवी. खुर्ची फार उभी झाली तर झोपेत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो, फार आडवी झाली तर धक्क्याला ते वर सरकतं. रेघ काही केल्या जुळेना. जावई म्हणाले, "आई, खुर्चीतच फॉल्ट आहे." मग माझ्या ध्यानात आलं, खुर्ची बरोबर होती, अंगण तिरकं होतं. आमचं घर जांभ्याच्या उतारावर. अंगणात ठेवलेली बादलीसुद्धा एका बाजूला भरलेली दिसते. म्हटलं, गाडी सपाटीवर घ्या. आता रत्नागिरीत सपाट जागा आणायची कुठून? रस्त्याला उतार, गल्लीला चढ, वळणावर दोन्ही. शेवटी गाडी खालच्या शाळेच्या मैदानावर नेली. विहीणबाई गेटातून बघत होत्या. त्यांना वाटलं जावई पेट्रोल भरायला गेले. मैदानात रेघ जुळली. तिथे क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून आमच्याकडे बघत राहिली, आणि त्यांतल्या एकाने मला ओळखून चेंडू पाठीमागे लपवला.

परत आलो तर यजमान तयारीत उभे. काखेत गोधडी, हातात दुपट्यांची चळत. माझे यजमान आंब्याचे बागाईतदार. हापूस कसा भरायचा याचं त्यांचं ज्ञान पक्कं आहे. तळाला पेंढा, आंब्याच्या मध्ये पेंढा, वरून पेंढा, म्हणजे वाशीच्या बाजारापर्यंत फळ हलत नाही. त्यांनी मी वळायच्या आत नातीला तसंच भरायला घेतलं. खुर्चीत तळाला गोधडी, पाठीला दुपटं, दोन बाजूंना दोन गुंडाळ्या, अंगात लोकरीची कुंची, आणि या सगळ्यावरून पट्टे. बाळाचं फक्त नाक दिसत होतं. ते मे महिन्यात.

"बघ, आता हलायची बिशाद नाय," ते म्हणाले.

मी पट्टे तसेच ठेवून खालची गोधडी ओढून काढली. पट्टे बाळाच्या छातीवर सैल लोंबायला लागले. त्यात माझा हात सहज गेला.

"हा हात जातोय तिथून पोर जाईल," मी म्हटलं. "धक्का बसला की गोधडी दबते. पट्टा दबत नाही, तो मग सैलच राहतो. आंब्याला पेंढा लागतो, माणसाला पट्टा."

"अगो पण रुतेल ना तिला."

"रुतू दे थोडा."

बाकीची दुपटी काढली, कुंची काढली. पट्टे खांद्याच्या रेषेच्या किंचित खालून आणले आणि खेचले. मग खांद्याजवळचा पट्टा दोन बोटांत धरून त्याची चुणी काढून बघायची. चिमटीत चुणी आली तर सैल, बोटं घसरली तर बरोबर. मी मुलीला करायला लावलं. तिची बोटं घसरली. "असंच दर वेळी," मी म्हटलं. तिने मान डोलावली. पातळ दुपटं पट्ट्यांच्या वरून पांघरलं, ते चालतं. यजमान गोधडी काखेत मारून हिरमुसले होऊन उभे राहिले. त्यांचा जन्मभराचा धंदा मी सगळ्यांसमोर नापास केला होता. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही.

आता विहीणबाईंची पाळी. त्या इतका वेळ गप्प होत्या, त्यावरूनच मला समजायला हवं होतं.

"ती अशी पाठ करून बसणार होय?" त्यांनी विचारलं. "पुढे गणपती आहे."

गाडीत समोर, आरशाखाली, चिकटवलेला वीतभराचाही नसलेला गणपती होता. बाळ पहिल्यांदा घरी चाललं आणि तेही देवाकडे पाठ करून. व्याही म्हणाले, "देवाला काळजी." ते नेमके कुणाच्या बाजूने बोलले हे मला आजही कळलेलं नाही. मी म्हटलं, "विहीणबाई, देव काय पुढेच असतो?" त्यांना पटलं नाही हे दिसत होतं. मग खरं दुखणं बाहेर आलं.

"मी हिला मांडीवर नेणार म्हणून आले हो. आमच्यात बाळ पहिल्यांदा घरी येतं ते आजीच्या मांडीवर. माझ्या सासूबाईंनी ह्याला असाच आणला. मांडीवर धरल्यावर काय होतंय?"

मांडीवर धरल्यावर काय होतंय ते मला फळ्यावर काढून दाखवता आलं असतं. पन्नासच्या वेगातली गाडी थांबली की सहा किलोचं बाळ हाताला पोत्यासारखं लागतं. तांदळाचं भरलेलं पोतं कुणी ओट्यावरून अंगावर ढकललं तर विहीणबाई ते मायेने धरतील का? पण माझ्या मुलीने माझा हात दाबला. एरवी माझ्याशी भांडताना हिचा आवाज कोपऱ्यावर ऐकू जातो. सासू आली की ही मुकी होते. म्हणून मी हसले आणि म्हटलं, "घराच्या दारात उतरताना तुम्हीच घ्या तिला. तोवर तिच्या शेजारी बसा, तिचं तोंड तुमच्याकडेच आहे." विहीणबाई "बरं" म्हणाल्या. मी तो शब्द खरा धरला.

निघताना गाऱ्हाणं झालं. आमच्याकडे लेकबाळ निघाली की घरातल्या कर्त्या पुरुषाने देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं असतं. यजमान गाडीपुढे हात जोडून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बा देवा म्हाराजा, आज ही लेक नि तिचं तान्हं आपल्या घरी चाललंत. वाटेत काय वाकडं असंल ता सरळ कर, काय आडवं येईल ता दूर कर, नि सगळ्यांस्नी सुखरूप पोचव रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" विहीणबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा. मीही म्हटलं. मला देवाबद्दल तक्रार नाही. आपलं काम त्याच्या गळ्यात घालून मोकळ्या होणाऱ्या माणसांबद्दल आहे.

मागे डिकीत आंब्याच्या पेट्या चढल्या. शेवटी यजमानांनी आतून एक पुठ्ठ्याचा खोका आणला. डझनभर निवडक हापूस, नेमके त्या दिवशी तयार झालेले, देवाच्या नैवेद्याला. त्यांनी तो विहीणबाईंच्या पायाशी ठेवला. "एवढा जपा हो विहीणबाई," ते म्हणाले. "पिकलेत. धक्का लागला की गेलेच." गाडी गेटातून वळली. मागच्या काचेतून मला नातीच्या टोपीचा गोंडा दिसला, उलट्या खुर्चीत, जिथे दिसायला हवा तिथे. मी घरात येऊन सकाळपासून राहिलेला चहा प्यायले.

दुपारच्या जेवणाआधीच मुलीचा फोन आला. ती बोलत नव्हती, नुसती रडत होती. मागून विहीणबाईंचं "देवा, देवा" ऐकू येत होतं. मग जावयांनी फोन घेतला. निवळीच्या उतारावर पुढचा टेम्पो एकाएकी थांबला, यांनी करकचून ब्रेक मारला. टेम्पोला लागले नाहीत. गाडीला ओरखडासुद्धा नाही. "पण बाळ..." जावई म्हणाले आणि थांबले. मी विचारलं, "बाळ खुर्चीत होतं ना?" ते म्हणाले, "आम्ही परत रत्नागिरीला येतोय, तुम्ही दवाखान्यात या." मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. फोन ठेवलेला होता.

यजमानांना घेऊन मी दवाखान्यात धावले. मला भीती वाटत होती. इतकी की पायात चपला दोन वेगळ्या घातल्याचं मला जिन्यावर कळलं. बाळ आतल्या खोलीत होतं, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, डोळे मिटलेले. डॉक्टर म्हणाले, ब्रेक लागला तेव्हा ते आजीच्या हातांतून सुटून पुढच्या सीटच्या पाठीवर आपटलं. डोक्याचा फोटो काढला होता, आत काही दिसत नव्हतं, पण एक रात्र नजरेखाली ठेवू. गाडीचा वेग जास्त असता तर, असं म्हणून ते पुढे बोलले नाहीत. तेवढ्यात बाळाने डोळे उघडले आणि भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

बाहेर बाकावर सगळे ओळीत बसले होते. विहीणबाई पुन्हा पुन्हा स्वतःच्या तळव्यांकडे बघत होत्या. मला त्यांची दया यायला हवी होती. थोडी आलीही.

"हातखंब्याला रडायला लागली हो," त्या म्हणाल्या. "भूक लागली होती. दूध पाजलं, मग म्हटलं पाच मिनिटं घेऊ मांडीवर. घट्ट धरली होती मी. दोन्ही हातांनी धरली होती."

"घट्टच धरली असणार," मी म्हटलं.

"गाऱ्हाणं घातलं होतं म्हणून वाचलो," जावई म्हणाले. व्याह्यांनी मान डोलावली. "देवाला काळजी." मी जावयांना विचारलं, "पाजायला गाडी थांबवली होती ना? मग परत खुर्चीत ठेवायला काय झालं?" ते म्हणाले, "आई म्हणाली, थोडा वेळच. आणि खुर्चीत तेव्हा..." मुलीने त्यांच्याकडे बघितलं. ते पुन्हा थांबले. त्या दिवशी या माणसाचं एकही वाक्य पुरं होत नव्हतं.

बाळाची पिशवी गाडीत राहिली होती. ती आणायला मी खाली गेले, यजमान मागोमाग आले. मी मागचं दार उघडलं. खुर्ची जागच्या जागी, उलटी, मी लावली तशीच. आणि खुर्चीत आंब्याचा खोका होता.

नुसता ठेवलेला नव्हता. बांधलेला होता. दोन्ही पट्टे खोक्यावरून आणून मधल्या कुलपात अडकवले होते आणि खेचून घट्ट केले होते. मी पुढे होऊन खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरला. बोटं घसरली. चुणी निघाली नाही. मी सकाळी शिकवलेलं कुणीतरी शंभर टक्के लक्षात ठेवलं होतं.

यजमानांनी मला बाजूला करून पट्टे सोडले, खोक्याचं झाकण उघडलं आणि सवयीने एकेक आंबा उचलून फिरवून बघितला. नाकाशी नेला. "एकालापण डाग नाय गो," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि झाकण लावलं.

तोवर मी समजत होते की या माणसांना कळत नाही. अडाणीपणा आहे, रूढी आहे, प्रेम आहे, सांगितलं तर कळेल. खोका बघितला आणि तो समज गेला. त्यांना कळलं होतं. पायाशी ठेवलेला खोका खड्ड्यांत उडतोय, आंबे दबतील, मग या गाडीत धक्का न लागणारी जागा कुठली? हा प्रश्न त्यांना पडला होता आणि त्याचं उत्तर त्यांनी बरोबर दिलं होतं. जावयांनी, विहीणबाईंनी, सगळ्यांनी. फक्त ते उत्तर त्यांनी आंब्यासाठी दिलं. पोरीला मांडी होती.

वर जाऊन मी भांडले. दवाखान्याच्या व्हरांड्यात, नर्सेस बघत असताना, मुलीची आई असून भांडले. काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही, कारण त्यातलं काही विहीणबाईंना लागण्यासारखं होतं आणि लागलं. जावई खाली मान घालून ऐकत होते. मुलीलाही मी सोडलं नाही. तिला म्हटलं, "सासूला नाही म्हणता येत नसेल तर पोर जन्माला घालायचं कशाला?" ती रडली. मला तेव्हा बरं वाटलं, आणि संध्याकाळी वाईट वाटलं. पण शब्द मागे घेतला नाही.

सकाळी बाळाला सोडलं. एक दिवस आमच्याकडे विश्रांती घेऊन तिसऱ्या दिवशी मंडळी पुन्हा निघाली. या खेपेला गाऱ्हाण्याआधी मी खुर्ची तपासली. पट्ट्यापाशी धरून हलवली, रेघेसाठी गाडी मैदानावर नेली. जावई सांगण्याआधीच गाडी वळवून तिकडे निघाले होते. बाळाला मुलीने बसवलं, तिनेच चुणी काढून बघितली. मग माझ्याकडे न बघता सासूला म्हणाली, "आई, रडली तरी गाडी थांबवून घ्यायची. चालत्या गाडीत नाही." विहीणबाईंनी मान हलवली. त्यांनी गणपतीचा विषय काढला नाही.

यजमान खोका घेऊन आले आणि घुटमळले. कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना. आंबे आता चांगलेच पिकले होते, वास अंगणभर सुटला होता. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि विहीणबाईंच्या मांडीवर ठेवला.

"दोन्ही हातांनी धरा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खोक्याभोवती दोन्ही हात घातले. यजमानांनी गाऱ्हाणं घातलं, सगळे व्हय म्हाराजा म्हणाले, गाडी गेली.

तिन्हीसांजेला केळशीहून मुलीचा फोन आला. सुखरूप पोचलो, बाळ जवळजवळ सगळी वाट झोपलं होतं, दारात आजीने उतरवून घेतलं, ओवाळलं. टेंगूळ उतरलंय. मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "आई, नैवेद्याचे आंबे दबले गं. दापोलीच्या वळणांत. रस निघाला, सासूबाईंची साडी सगळी भरली."

"मांडीवर धरूनसुद्धा?" मी विचारलं.